दोन शिलिंगांचा रस्ता

१९२२ साली या रस्त्यावरून मोटार न्यायची तर दोन शिलिंग टोल पडायचा. दोनापेक्षा जास्त घोडे जुंपलेली वॅगन असेल तर दहा शिलिंग. आणि हा रस्ता खणणाऱ्या माणसाला दिवसभराच्या आठ तासांचे मिळायचे साडेदहा शिलिंग. म्हणजे स्वतःच खणलेल्या रस्त्यावरून एकदा मोटारीने जायचं तर साधारण दीड तासाची मजुरी नाक्यावर ठेवायची. अर्थात त्याच्याकडे मोटार कुठली असायला, ही गोष्ट वेगळी!

रस्ता म्हणजे ऑस्ट्रेलियातला ग्रेट ओशन रोड. मेलबर्नच्या नैर्ऋत्येला टॉर्की नावाचं गाव आहे. तिथून निघतो आणि समुद्राच्या कडेकडेने, मध्ये एकदा जंगलात शिरून, २४३ किलोमीटरवरच्या अ‍ॅलन्सफर्डला संपतो. मेलबर्नला राहणाऱ्या कुठल्याही मराठी माणसाला विचारा, भारतातून पाहुणे आले की हा रस्ता दाखवावाच लागतो. मीही सहा-सात वेळा दाखवलाय. क्रम ठरलेला. पहाटे निघायचं, बरोबर पोळीभाजीचे डबे, वाटेत दोन ठिकाणी उतरून फोटो, दुपारी 'ट्वेल्व्ह अपॉसल्स' म्हणजे समुद्रात उभ्या असलेल्या त्या प्रसिद्ध सुळक्यांसमोर आणखी फोटो, आणि परत येताना आतल्या हायवेने भरधाव घरी. पाहुणे मागच्या सीटवर माना टाकून झोपलेले. त्यामुळे इतक्या वेळा जाऊनही रस्ता असा मी पाहिलेलाच नव्हता. पाहिली होती ती रस्त्याच्या टोकाची जागा.

गेल्या मार्चमध्ये सहा दिवस मोकळे मिळाले. एक कॅम्परव्हॅन भाड्याने घेतली आणि एकटीच निघाले. कॅम्परव्हॅन म्हणजे आपल्या टेम्पो ट्रॅव्हलरएवढी गाडी. मागे पलंग, दोन बर्नरची शेगडी, हातभर बेसिन, पाण्याची टाकी आणि एक चिमुकला फ्रिज. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली,

"एकटी? आणि झोपणार कुठे? रस्त्यावर?"

"रस्त्यावर नाही गं, गाडीत."

"आणि गाडी कुठे असणार?"

याला उत्तर नव्हतं. (तसं आहे. या रस्त्यावर वाटेल तिथे गाडी लावून रात्री झोपायला बंदी आहे, ठरलेल्या कॅम्पिंगच्या जागांवरच मुक्काम करावा लागतो. पण हे आईला पटवण्यात फोनचे पैसे घालवण्यात अर्थ नव्हता.)

बाबांनी मात्र फोन घेतल्याघेतल्या विचारलं, "रस्ता डोंगर फोडून काढलाय का भरावावर आहे?"

इथे बाबांची ओळख करून द्यायला हवी. ते सार्वजनिक बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. लहानपणी एस.टी.ने घाट उतरताना सगळी गाडी दरीकडे बघायची आणि बाबा डोंगराकडे. मोऱ्या कुठे तुंबल्यात, कठड्याचा दगड कुठे निखळलाय, गटार कोणी काढलं नाही... आम्हाला त्याची लाज वाटायची. आता त्यांचं वय चौऱ्याऐंशी आहे, गुडघे गेलेत, आणि जगातल्या कुठल्याही रस्त्याबद्दल त्यांना पहिला प्रश्न हाच पडतो: कोणी केला, आणि कसा?

तर, कोणी केला.

पहिल्या महायुद्धातून परत आलेल्या सैनिकांनी. तेव्हा ऑस्ट्रेलियाची लोकसंख्या पन्नास लाखांच्या आत होती. त्यातले सव्वातीन लाखांहून जास्त लोक समुद्रापार लढायला गेले आणि साठ हजारांवर परत आलेच नाहीत. जे आले त्यांच्यापुढे प्रश्न होता कामाचा. चार वर्षं खंदकात काढलेली, काही छर्‍यांनी विंधलेली, काही नुसतीच गप्प झालेली हजारो तरुण माणसं एकदम बंदरात उतरणार. त्यांचं करायचं काय? १९१८ साली व्हिक्टोरिया राज्याच्या रस्ते मंडळाचा अध्यक्ष विल्यम काल्डर याने सुचवलं, की यांना किनाऱ्याच्या रस्त्याच्या कामावर लावा. जीलाँग शहराचा महापौर हॉवर्ड हिचकॉक याने ती कल्पना उचलली. त्याने त्याच वर्षी एक ट्रस्ट काढला, स्वतःचे तीन हजार पौंड घातले आणि लोकांकडून वर्गणी नि कर्ज काढून पैसा उभा केला. टोल होता तो या कर्जाच्या फेडीसाठी. हिचकॉकच्या डोक्यात दोन गोष्टी एकदमच होत्या: परत आलेल्यांना रोजगार, आणि न आलेल्यांचं स्मारक. संगमरवरी खांब उभारून नव्हे, तर रस्त्याच्या रूपाने.

मला हे स्मारक म्हणून फार वेगळं वाटतं. पुतळा एकदा बसवला की काम संपतं, मग कावळे आणि पुण्यतिथीचे हार. रस्त्याला रोज कोणीतरी लागतं. पण त्याकडे नंतर येते.

त्या आधी लोर्न काय किंवा अपोलो बे काय, ही गावं जवळजवळ बेटांसारखीच होती. मागे ओटवेचं घनदाट जंगल, पुढे दक्षिण समुद्र. लोर्नला जायचं तर रेल्वेने डीन्स मार्शपर्यंत आणि पुढे जंगलातून घोडागाडीने हाडं खिळखिळी करत, नाहीतर बोटीने. आपल्या कोकणातल्या बंदरांची गोष्ट आठवावी, तसंच. रस्त्याची पाहणी १९१८ मध्ये सुरू झाली तेव्हा त्या रानातून महिन्याला जेमतेम तीन किलोमीटर सरकता यायचं. १९ सप्टेंबर १९१९ला राज्याचा मुख्यमंत्री हॅरी लॉसन याच्या हस्ते लोर्नला कामाचा नारळ फुटला (नारळ अर्थात नव्हता, पण दुसरा शब्द सुचत नाही).

त्यानंतर तेरा वर्षं. एकूण सुमारे तीन हजार माजी सैनिक या कामावर येऊन गेले. हत्यारं म्हणजे टिकाव, फावडं, एका चाकाची ढकलगाडी, सुरुंगाची दारू आणि काही थोडी लहानसहान यंत्रं. ऑस्ट्रेलियन सैनिकाला लाडाने 'डिगर' म्हणतात. शब्द मुळात सोन्याच्या खाणीवर खणणाऱ्यांचा, महायुद्धात तो सैनिकांना चिकटला. म्हणजे सोन्यासाठी खणणाऱ्यांचं नाव खंदक खणणाऱ्यांना मिळालं आणि तेच लोक घरी येऊन पुन्हा खणायला बसले!

ईस्टर्न व्ह्यूला रस्त्यावर ओंडक्यांची एक कमान आहे, तिथे सगळे थांबून फोटो काढतात. पूर्वीचा टोलनाकाही ईस्टर्न व्ह्यूलाच होता. आधीची कमान १९८३ सालच्या फेब्रुवारीतल्या प्रचंड वणव्यात जळाली, आता दिसते ती नंतर बांधलेली. शेजारी रस्ता खणणाऱ्या सैनिकांचा ब्राँझचा पुतळा आहे, तो तर अगदी अलीकडचा, २००७चा. रस्ता उघडून पंचाहत्तर वर्षं झाली तेव्हाचा. पंचाहत्तर वर्षं! आपल्याकडे एवढ्यात तीन वेळा नामांतर झालं असतं.

कमानीच्या पुढे खरी गंमत सुरू होते. ऑस्ट्रेलियातही आपल्यासारखीच गाडी डाव्या बाजूने हाकतात, त्यामुळे टॉर्कीकडून निघालं की समुद्र आपल्याच हाताशी. उजवीकडे फोडलेला डोंगर, डावीकडे कठडा आणि खाली उसळणारं पाणी. मध्ये एकेक गाडी जेमतेम जाईल अशा दोन पदरांचा रस्ता. व्हॅन जड, वळणं एकामागून एक, आणि आरशात माझ्यामागे साठलेली रांग. हळू जाणाऱ्यांनी बाजूला होऊन मागच्यांना वाट द्यावी म्हणून ठिकठिकाणी जागा केलेल्या आहेत. मी त्या एकूण एक वापरल्या. सहा दिवसांत २४३ किलोमीटर म्हणजे दिवसाला चाळीस, बैलगाडीवाल्यानेही मला ओलांडलं असतं. पण प्रत्येक वेळी बाजूला थांबले की उजवीकडच्या खडकाकडे लक्ष जायचं. बाबा भिनलेत ते असे.

पहिली रात्र लोर्नच्या पुढे, कंबरलँड नदी समुद्राला मिळते तिथल्या कॅम्पिंगच्या जागेत काढली. नदी कसली, उन्हाळ्यात ओढाच. मागे उभा कडा. संध्याकाळी खिचडी टाकली, शिटी व्हायला वेळ होता (हो, मी व्हॅनमध्ये कुकर नेला होता), आणि दाराशी खुर्ची टाकून बसले. शंभर वर्षांपूर्वी याच किनाऱ्यावर त्या मजुरांचे तंबू होते. जेवणासाठी एक मोठा सामाईक मांडव, मुदपाकखाना, आठवड्याला दहा शिलिंगांपर्यंत खाण्याचा खर्च, शनिवारी अर्धा दिवस काम. आणि करमणुकीला वर्तमानपत्रं, मासिकं, ग्रामोफोन आणि एक पियानो. जिथे अजून रस्ताच नाही तिथे पियानो! मला ती कल्पना रात्रभर पुरली. सगळा दिवस सुरुंगाचे धडाके ऐकायचे, ते धडाके ऐकताना फ्रान्समधले कुठले धडाके आठवत असतील कोण जाणे, आणि संध्याकाळी कोणीतरी पियानोवर बसायचं.

सुरुंगांवरून आठवलं. १९८२ साली ऑस्ट्रेलियाच्या सरकारी नभोवाणीच्या संग्रहात नोंदवलेल्या आठवणींत एक किस्सा आहे. कामावर जाताना सुरुंगाच्या डिटोनेटरची पेटी कामगार स्वतःच्या गुडघ्यांवर ठेवून बसायचे. कारण खडबडीत वाटेवर गाडीत सगळ्यात कमी धक्के बसणारी जागा तीच. वाचून हसू येतं आणि मग येत नाही. काही माणसं या कामावर मेलीही. युद्धातून जिवंत परत येऊन.

दुसरा किस्सा जरा हलका. १९२४ साली 'कसिनो' नावाची बोट केप पॅटनजवळ खडकावर अडकली. बोट हलकी करण्यासाठी खलाशांनी बिअरची पाचशे पिंपं आणि दारूची एकशेवीस खोकी समुद्रात लोटली. लाटांनी ती इमानदारीत किनाऱ्याला आणून दिली, आणि किनाऱ्यावर कोण होतं ते तुम्हाला माहीत आहेच. काम दोन आठवडे बंद! कुठल्याही अर्जाशिवाय मंजूर झालेली एवढी मोठी रजा रस्त्याच्या इतिहासात दुसरी नसेल. 'कसिनो'चं नशीब मात्र तेवढंच होतं. १९३२च्या जुलैमध्ये ती अपोलो बेजवळच बुडाली आणि दहा माणसं गेली. रस्ता पुरा व्हायला तेव्हा चार महिने उरले होते.

ईस्टर्न व्ह्यू ते लोर्न हा टप्पा मार्च १९२२ मध्ये उघडला, पुन्हा डागडुजीसाठी बंद झाला आणि वर्षाच्या शेवटी टोल घेऊन सुरू झाला. लोर्न ते अपोलो बे हा सगळ्यात अवघड भाग. तो पुरा होऊन २६ नोव्हेंबर १९३२ला रस्त्याचं उद्‌घाटन झालं. हिचकॉक त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हृदयविकाराने गेला होता. उद्‌घाटनाच्या मिरवणुकीत गव्हर्नरच्या मोटारीमागून हिचकॉकची मोटार चालवत नेली. १९३६ला ट्रस्टने रस्ता सरकारच्या स्वाधीन केला आणि टोल बंद झाला. टोल खरोखर बंद होऊ शकतो, हे वाचून मला थोडा वेळ काही सुचलं नाही. असो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना व्हिडिओ कॉल लावून खडक दाखवला. नेटवर्क इतकं अंधुक होतं, की त्यांना बहुतेक राखाडी पट्टे दिसले असणार. तरी म्हणाले, "सुरुंगाच्या पाराच्या खुणा दिसतात का बघ. उभ्या, अर्ध्या नळीसारख्या." मग मी तीन हजार सैनिकांचं सांगितलं, काम नव्हतं म्हणून रस्त्यावर लावले ते सांगितलं. ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे आपली बहात्तर सालची कामंच की."

१९७२च्या दुष्काळात बाबा तिशीत होते आणि त्यांची नेमणूक दुष्काळी कामांवर होती. ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना सांगायला नको. लाखो माणसं, त्यात निम्म्या बाया, रणरणत्या उन्हात खडी फोडायची. झाडाला साडीची झोळी, झोळीत मूल. खायला सुकडी. पाझर तलाव, बंडिंग आणि रस्ते. त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा आला, १९७७चा. बाबा सांगतात, हजेरीपटावर माणसं इतकी असायची की नावं उतरवतानाच दुपार व्हायची, आणि कागदावरचं माप बघून पगार करताना हात कापायचा. कारण समोरच्या माणसाने फोडलेली खडी मापात कमी भरते आहे हे दिसायचं, आणि ती का कमी भरते आहे तेही दिसायचं. "रस्ते झाले," ते म्हणाले, "पण एकाही रस्त्यावर दगड लावून लिहिलं नाही, की हा अमुक गावच्या बायांनी केला."

हे माझ्या डोक्यात नव्हतं. मी ग्रेट ओशन रोडकडे युद्धाची गोष्ट म्हणून बघत होते. त्यांनी तिला दुष्काळाची गोष्ट केली.

आणि मग युद्धाचीही दुसरी बाजू आठवली. गॅलिपोलीच्या ज्या किनाऱ्यावरून ऑस्ट्रेलियाची राष्ट्र म्हणून कहाणी सुरू होते असं इथली मुलं शाळेत शिकतात, तिथे खेचरांवरून दारूगोळा आणि पाणी वर पोचवणारे भारतीय सैनिकही होते. मराठे मुख्यतः मेसोपोटेमियात होते. कुतच्या वेढ्यात ११०वी मराठा पलटण उपाशी राहून एप्रिल १९१६ मध्ये शरण गेली. महारांची भरती इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बंद केली होती. माणसं कमी पडायला लागली तेव्हा १९१७ साली '१११वी महार' ही पलटण उभी केली आणि १९२१ साली मोडून टाकली. गरज सरो. दुसरं महायुद्ध आल्यावर १९४१ला पुन्हा महार रेजिमेंट आठवली. इकडे लोर्नला सैनिकांना साडेदहा शिलिंग रोजावर कामाला लावत होते, त्याच सुमाराला कोकणातले ते सैनिक पोशाख जमा करून आपापल्या गावी, गावकुसाबाहेरच्या घरी परत जात होते. आपल्याकडच्या काही गावांत इंग्रजांनी बसवलेली पाटी असते, या गावातून महायुद्धावर इतके गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. नावं नाहीत, नुसते आकडे. परत आलेल्यांचं काय झालं हे त्या पाटीवर नाही.

ऑस्ट्रेलिया फार थोर आणि आपण मागे, असं मला म्हणायचं नाही. इथल्या आदिवासी सैनिकांची संख्या हजाराच्या आसपास होती, आणि परत आलेल्या सैनिकांना सरकार शेतीला जमीन देत होतं त्या योजनेत यांच्यातल्या जेमतेम काही जणांना जमीन मिळाली. ती जमीन मुळात कोणाची होती, हा प्रश्न आणखीनच वेगळा.

तो प्रश्न मला चौथ्या दिवशी केप ओटवेला भेटला. अपोलो बेनंतर रस्ता समुद्र सोडून ओटवेच्या जंगलात शिरतो. नेचे माणसापेक्षा उंच, निलगिरीचे बुंधे चार जणांच्या कवेत न मावणारे. मुख्य रस्ता सोडून डावीकडे वळलं की टोकाला दीपगृह. १८४५ साली 'कॅटराकी' नावाचं विस्थापितांचं जहाज समोरच्या किंग आयलंडवर आपटलं, सुमारे चारशे माणसं बुडाली आणि फक्त नऊ वाचली. त्यानंतर इथे दीपगृह हवंच अशी ओरड झाली आणि १८४८ मध्ये ते पेटलं. ही गोष्ट सगळी माहितीपत्रकं सांगतात.

दीपगृहासाठी आणि वसाहतीसाठी या भागाची मोजणी चालू होती, तेव्हाची दुसरी एक गोष्ट आहे. या टोकावर गादुबानुद लोक राहत. १८४६ साली स्माइद नावाच्या सर्व्हेयरच्या तुकडीतला एक माणूस त्यांच्याकडून मारला गेला. स्माइद माणसं आणि बंदुका घेऊन परत आला. एअर नदीच्या मुखाजवळ त्याने एक तळ गाठला आणि किमान सात जणांना ठार केलं, त्यांत बायाही होत्या. त्यानंतर गादुबानुदांचा उल्लेख वसाहतीच्या कागदांत जवळजवळ थांबतोच. पुढे सत्तर-ऐंशी वर्षांनी रस्त्यावाले 'निर्मनुष्य रान' म्हणून ज्याचं वर्णन करत होते, ते रान असं निर्मनुष्य झालेलं होतं.

एअर नदीकाठी मुक्कामाची जागा आहे. मी तिथेच राहिले. नदीवर संथ पाणी, पलीकडे गवताळ पाणथळ, पक्षी. फार सुंदर जागा आहे ती, आणि खोटं कशाला सांगू, मला तिथे नेहमीसारखीच गाढ झोप लागली. सकाळी उठल्यावर त्याचंच जरा विचित्र वाटत राहिलं. आपण मोजणीदारांच्या, ओव्हरसियरच्या घरातले. नकाशा, साखळी, ठोकळे हे सगळं मला लहानपणापासून आपलं वाटत आलेलं. मोजणी म्हणजे कोणाची तरी जागा जाण्याची सुरुवात असू शकते, हे बाबांनाही ठाऊक होतं. धरणाच्या कामावर बदली आली तेव्हा ते दोन महिने रजेवर बसले होते. त्याचं कारण आम्हाला कधी सांगितलं नाही, आणि मीही आजवर विचारलेलं नाही. गादुबानुदांचे वंशज आज ईस्टर्न मार या समूहात आहेत. २०२३ सालच्या मार्चमध्ये इथल्या न्यायालयाने या किनाऱ्याच्या मोठ्या पट्ट्यावर त्यांचा पारंपरिक हक्क मान्य केला. रस्त्याला राष्ट्रीय वारसा म्हणून मान्यता २०११लाच मिळाली होती. आधी रस्ता, मग माणसं.

राहता राहिले ते प्रसिद्ध सुळके. त्यांच्याबद्दल थोडक्यात. त्यांना पूर्वी 'डुकरीण आणि पिल्लं' म्हणत. पर्यटकांना ते कसं आवडणार, म्हणून बारा प्रेषित झाले. बारा नव्हतेच कधी. नऊ होते, त्यातला एक ३ जुलै २००५ला काही क्षणांत कोसळला, आता आठ. चुनखडीचा दगड, लाटा पायथा कुरतडतायत. पुढचा 'लंडन ब्रिज' नावाचा खडकाचा पूल १९९० साली असाच पडला आणि पलीकडच्या तुकड्यावर गेलेल्या दोन पर्यटकांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं. जवळच्या लॉक आर्ड घळीत १ जून १८७८ला 'लॉक आर्ड' जहाज फुटलं, चौपन्नांपैकी दोघं वाचली, टॉम पिअर्स आणि ईव्हा कारमायकल, दोघंही अठरा-एकोणीस वर्षांची. सगळ्या देशाला वाटलं आता यांचं लग्न होणार. झालं नाही; ती आयर्लंडला निघून गेली. २००९ साली तिथली खडकाची कमान पडली, मागे दोन खांब उरले, त्यांना लोकांनी टॉम आणि ईव्हा अशी नावं दिली. माणसांनी नाही केलं ते दगडांकडून करून घेतलं, दुसरं काय!

तिथे बसगाड्यांतून उतरणारी गर्दी बघताना मला एक गोष्ट जाणवली. ही मंडळी ज्यासाठी येतात तो किनारा त्या १९३२च्या टप्प्याच्या कितीतरी पुढे आहे. ईस्टर्न व्ह्यू ते अपोलो बे, जिथे सैनिकांचा घाम सांडला, तिथे निम्मी बस झोपलेली असते.

परतीच्या आदल्या दिवशी बाबांचा फोन आला, त्यांनी मनात काहीतरी धरून ठेवलं होतं. "दरडींचं काय करतात तिथे?" मग त्यांना वाय रिव्हरचं सांगितलं, जे मी येताना पाहिलं होतं. २०१५च्या नाताळच्या दिवशी तिथे आणि शेजारच्या सेपरेशन क्रीकला वणवा शिरला, ११६ घरं जळाली. माणूस एकही गेला नाही कारण गावं वेळेत रिकामी केली होती. पण डोंगरावरची झाडं गेली, मुळं गेली, आणि पुढच्या वर्षी पाऊस पडल्यावर माती, दगड, जळके ओंडके सगळे रस्त्यावर आले. रस्ता बंद. मग जाळ्या ठोकल्या, भिंती बांधल्या, डोंगर पुन्हा बांधून काढला. आजही वाटेत कुठे ना कुठे दिवे लावून एकेरी वाहतूक चालू असते आणि हेल्मेट घातलेली माणसं खडकाला लोंबकळून काम करत असतात. त्यांच्यापैकी एकाला मी हात केला, त्यानेही केला.

"मैलकुली लागतातच," बाबा म्हणाले. प्रत्येक मैलाला एक माणूस, त्याच्याकडे फावडं आणि पाटी; गटारं काढणं, खड्डे बुजवणं, पावसाळ्यात मोऱ्यांवर नजर ठेवणं ही त्याची कामं. आपल्याकडे ते पद आता जवळपास उरलेलं नाही. बाबांच्या हाताखालच्या मैलकुल्यांची नावं त्यांना अजून पाठ आहेत, ती त्यांनी मला एका दमात म्हणून दाखवली, कुठल्या मैलावर कोण होतं त्या क्रमाने. अकरा नावं. नवव्याला अडले, आईला विचारलं, तिने सांगितलं.

अ‍ॅलन्सफर्डला रस्ता संपतो तिथे समुद्र नाही. दोन्हीकडे गाईंची कुरणं आहेत, आणि रस्ता मुकाट्याने मोठ्या हायवेला जाऊन मिळतो. मी तिथे डिझेल भरलं आणि व्हॅन मेलबर्नकडे वळवली.